जन्मावरून धंदा, जातीवरून लग्न: आपली समलैंगिक आणि तृतीयपंथी मुले कुठे जाणार?



निमगाव केतकीच्या वस्तीतल्या एखाद्या बारावीच्या मुलाला "पुढे काय?" असे विचारा. उत्तरे साधारण ठरलेली असतात. इंदापूरला नाहीतर बारामतीला कॉलेज, बारामती एमआयडीसीत कंत्राटी काम, किंवा पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा. ज्याची उंची आणि छाती बसते तो पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतो. आईबाप कुणाच्या पानमळ्यात, कुणाच्या डाळिंबाच्या बागेत रोजंदारी करून त्याच्या शिक्षणाला पैसे लावतात. एका मुलाला नोकरी लागली की अख्खे घर वर येते, हा आपल्या समाजाचा गेल्या तीन पिढ्यांचा अनुभव आहे.

याच वस्तीत असा एखादा मुलगा असतो, ज्याला मुलींविषयी नव्हे तर मुलांविषयी ओढ वाटते. एखादी मुलगी असते, जिला पुरुषाशी लग्न नको आहे. एखादे लेकरू असे असते, ज्याला सगळे मुलगा म्हणतात पण ते स्वतःला आतून मुलगी समजते. ही मुले प्रत्येक गावात, प्रत्येक जातीत आहेत. त्यांच्या करिअरचे काय होते, हे मात्र आपल्या मार्गदर्शन शिबिरांत कधीच बोलले जात नाही. जयंतीच्या व्यासपीठावर तर नाहीच नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण आपल्याकडे सगळ्यांना एकाच शिवीत कोंबतात. आपल्याला कुणाविषयी ओढ वाटते तो झाला लैंगिक कल. समलैंगिक म्हणजे गे किंवा लेस्बियन, हे त्यातले. आपण स्वतःला स्त्री समजतो, पुरुष समजतो की दोन्हींच्या पलीकडचे, ती झाली लिंगभावाची ओळख. तृतीयपंथी, ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष हे त्यातले. दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत. पण दोघांच्या वाटेत उभी असलेली भिंत एकच आहे, आणि ती भिंत आपण आंबेडकरी लोक चांगली ओळखतो.

जातीचे दोन खुंटे

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याचा गाभा असा की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. कुणी कुणाशी लग्न करायचे यावर पहारा ठेवला की जात टिकते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्यांनी याच पहाऱ्यातून उलगडून दाखवल्या. पुढे 1936 मध्ये 'जातिसंहार'मध्ये त्यांनी दुसरा खुंटा दाखवला. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि माणसाचा धंदा त्याच्या आवडीवर वा कुवतीवर न ठरता जन्मावर ठरतो.

लग्नावर पहारा आणि जन्मावरून धंदा. आता या दोन खुंट्यांना बांधलेला समलैंगिक किंवा तृतीयपंथी तरुण डोळ्यांसमोर आणा.

तृतीयपंथीयाचा धंदा कोणी ठरवला? सिग्नलवर हात पसरणे, दुकानादुकानातून मागणे, बाळ जन्मले की बधाई, नाहीतर देहविक्रय. मुलगा बायकी चालतो म्हणून त्याच्या हाती परडी देऊन त्याला यल्लम्माचा जोगता करण्याची रीत आपल्याच जातींमध्ये पिढ्यानपिढ्या चालली. ते मूल गणितात हुशार आहे की चित्र चांगले काढते, हे कुणी पाहिले नाही. अंगाच्या ठेवणीवरून आयुष्यभराचा धंदा ठरला. मेलेली ढोरे ओढण्याचे काम अमुक जातीनेच करायचे, या नियमात आणि या नियमात काय फरक आहे? पहिला नियम आपण मोडला. दुसऱ्याकडे पाहून हसतो.

2011 च्या जनगणनेत 'इतर' या लिंग-रकान्यात देशभरात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद झाली. त्यांची साक्षरता 56 टक्क्यांच्या आसपास होती, तर देशाची सरासरी 74 टक्के होती. मुलगा म्हणून नाव लागलेले लेकरू सातवी-आठवीत वर्गात चेष्टेचा विषय होते, मुलांच्या मुतारीत जायला घाबरते, आणि एक दिवस शाळेत येणे बंद करते. करिअरचा प्रश्न तिथेच संपतो. पुढे पंचविसाव्या वर्षी त्याला "काम का करत नाही, धडधाकट तर आहेस" असे म्हणणारे आपणच.

नोकरी लागली की लग्न

समलैंगिक मुलामुलींची कोंडी वेगळी आहे. ती दिसत नाही, म्हणून जास्त घातक.

आपल्याकडे मुलाच्या नोकरीचा दुसरा अर्थ लग्न असा आहे. भरतीच्या यादीत नाव आले की महिनाभरात स्थळे येऊ लागतात. ज्या मुलाला मुलींविषयी ओढच नाही, त्याच्यासाठी यश हेच संकट होऊन बसते. मग काही मुले वर्षानुवर्षे "अजून तयारी चालू आहे" असे सांगत अभ्यासिकेत बसतात. काही घरापासून लांबची, मिळेल ती नोकरी धरतात. काही जण दबावाखाली लग्न करतात आणि एका निरपराध मुलीचेही आयुष्य मोडते. वरून ज्याला आपण आळशी, घाबरट, जबाबदारी टाळणारा म्हणतो, तो आतून काय झेलत असतो हे आपल्याला ठाऊक नसते.

मुलीचे तर उलटे घड्याळ असते. तिला नोकरीपर्यंत पोचूच दिले जात नाही. पदवी होते न होते तोच पाहुणे येतात. लेस्बियन मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहणे हाच सुटकेचा एकमेव रस्ता आहे, आणि नेमका तोच लग्नाने बंद होतो. "मला आधी नोकरी करायची आहे" असे एखादी मुलगी जीव तोडून सांगत असेल, तर कारण न विचारता तिला दोन वर्षे द्या. तिची लैंगिकता काहीही असो, त्या दोन वर्षांनी तिचे नुकसान होणार नाही.

कायद्याचा आधारही अर्धाच आहे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर प्रकरणात कलम 377 च्या कचाट्यातून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध बाहेर काढले. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे सरकारी नोकरीतल्या सहकाऱ्याला पती-पत्नी एकत्रीकरणाने बदली मागता येते, त्याच्यामागे जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते; समलैंगिक कर्मचाऱ्याचा जोडीदार त्या कागदांवर कुणीच नसतो.

कागदपत्रे घरात, मूल घराबाहेर

काही जण म्हणतील, आता जमाना बदलला, कंपन्या इंद्रधनुष्याचे झेंडे लावतात. लावतात, हिंजवडीत लावतात. ज्याच्याकडे इंग्रजी आहे, शहरात बापाचा फ्लॅट आहे, त्याने घरी सत्य सांगितले तर भांडण होते, महिनाभर अबोला होतो. कंत्राटदाराकडे महिन्याच्या हजेरीवर असलेल्या आपल्या मुलासाठी असे कोणतेही धोरण नसते. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणायला कारणही लागत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दलित तरुणाचे करिअर त्याच्या एकट्याचे नसतेच. ते घर आणि समाज यांच्या आधारावर उभे असते. जात पडताळणीचेच पाहा. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, वंशावळीचे शपथपत्र, सगळे घरच्यांच्या हातात. उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या नावावर. पुण्यात राहायला मामाची खोली, नाहीतर समाजकल्याणचे वसतिगृह. घरातून हाकलले की हे सगळे एका दिवसात तुटते. सवर्ण मुलगा घराबाहेर पडला तर घर गमावतो. आपला मुलगा घराबाहेर पडला तर घरासोबत शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि आरक्षणाचा हक्क बजावायची कागदेही गमावतो. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क त्याच्या नावावर आहे, पण तो ज्या पेटीत आहे तिची किल्ली बापाकडे आहे.

तृतीयपंथी विद्यार्थ्याला तर वसतिगृहाच्या दारातच प्रश्न पडतो, मुलांच्या की मुलींच्या? दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, चेहरा तिसराच. मुलाखतीला बसलेला माणूस कागदांकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीने बघतो आणि निर्णय तिथेच लागतो.

भरतीच्या अर्जातला रकाना

15 एप्रिल 2014 रोजी 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्यांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत आरक्षण द्यावे, असे केंद्र आणि राज्य सरकारांना सांगितले. 2019 मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्याच्या कलम 9 ने नोकरी आणि बढतीत भेदभावाला मनाई केली, पण आरक्षणाचा शब्द त्यात नाही.

आणि 2022 मध्ये, 'नालसा'नंतर आठ वर्षांनी, महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात फक्त दोनच रकाने होते: पुरुष आणि स्त्री. सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी यांना अर्जच भरता येईना, म्हणून त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय द्यायला सांगितले. त्यावर सरकारने काय केले? त्या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर 2022 मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावल्यावर तिसरा पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे निकष 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत ठरवण्याचे मान्य झाले.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना याचा अर्थ लगेच कळेल. पुरुषाला 1600 मीटर धावायचे, स्त्रीला 800 मीटर. गोळ्याचे वजन वेगळे. ज्याच्यासाठी निकषच लिहिलेला नव्हता, त्याने पहाटे उठून सराव कशाचा करायचा होता?

समांतर आरक्षण म्हणजे काय आणि ते आपल्यालाच का हवे

इथे आंबेडकरी तरुणांनी नीट लक्ष द्यावे. तृतीयपंथीयांना आरक्षण द्यायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्यांना सरसकट ओबीसीत टाकायचे. मध्य प्रदेशाने तसे केले. वरवर बरे वाटते. पण अनुसूचित जातीतल्या तृतीयपंथी मुलीने मग काय करायचे? तृतीयपंथी म्हणून ओबीसीत गेली तर तिची जात कागदावरून पुसली जाते. अनुसूचित जातीतून अर्ज केला तर तृतीयपंथी म्हणून मिळणारे काहीच मिळत नाही. तिला स्वतःचे दोन तुकडे करून एक निवडायला सांगितले जाते.

दुसरा मार्ग समांतर आरक्षणाचा. महिला, दिव्यांग, माजी सैनिक यांच्यासाठी जसे प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखीव जागांचे आरक्षण असते, तसे. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गात 1 टक्का जागा अशा ठेवल्या. तमिळनाडूत ग्रेस बानू या दलित तृतीयपंथी कार्यकर्तीने वर्षानुवर्षे हीच मागणी लावून धरली. ही मागणी देशात पुढे नेली ती दलित तृतीयपंथीयांनी, कारण जात आणि लिंग एकाच अंगावर झेलणे म्हणजे काय हे त्यांनाच ठाऊक आहे. महाराष्ट्र सरकारने मात्र 2023 मध्ये उच्च न्यायालयात असे वेगळे आरक्षण देणे अवघड असल्याचे सांगितले. शाहू, फुले, आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याला हे शोभत नाही. आणि या प्रश्नावर तालुक्याच्या तहसील कचेरीसमोर आपल्या संघटनांचा एकही मोर्चा निघू नये, हे आपल्यालाही शोभत नाही.

"बाबासाहेबांचा याच्याशी काय संबंध?"

हा प्रश्न हमखास येतो. संबंध आहे आणि तो कोर्टाच्या कागदावर आहे. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक वाचकांच्या लैंगिक शंकांना उघडपणे उत्तरे देत असे. त्यावरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लैंगिक प्रश्नावर कुणी लिहिले म्हणून ते अश्लील होत नाही, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. महाड आणि काळाराम मंदिराच्या लढ्यांनंतरचा, गोलमेज परिषदा आणि पुणे करारानंतरचा हा काळ. हाताशी कामाचा डोंगर असताना बाबासाहेबांना हा विषय हलका वाटला नाही. आपल्याला वाटतो.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ते संवैधानिक नैतिकतेविषयी बोलले. ती माणसात आपोआप नसते, जोपासावी लागते, असे त्यांनी बजावले. 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समाजाच्या नैतिकतेपेक्षा संवैधानिक नैतिकता वरची मानली, ती बाबासाहेबांच्याच या मांडणीला धरून. ज्यांना हा कायदा परका वाटतो, त्यांनी त्याचे मूळ तपासावे.

आणि धम्माचे म्हणाल तर विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीची लक्षणे प्रकट झाली. तथागतांनी त्याला संघातून काढले नाही. त्याच उपाध्यायासह, त्याच उपसंपदेसह, तोवरची वर्षे मोजून भिक्खुणी संघात जाण्यास अनुमती दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर लिंग बदलले, पण पदवी आणि सेवाज्येष्ठता कायम राहिली. त्याच विनयात काही प्रकारच्या व्यक्तींना उपसंपदा नाकारणारे नियमही आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वी संघ जे करू शकला, ते एका गुणपत्रिकेवरचे नाव बदलून देताना आजच्या कचेरीला जड जाते, एवढे तरी लक्षात घ्या.

"आधी जात, मग हे" असेही काही कार्यकर्ते म्हणतात. "आधी स्वातंत्र्य, मग तुमची अस्पृश्यता" असे बाबासाहेबांना सांगणारेही होते. त्यांनी रांगेत उभे राहायला नकार दिला. तोच नकार आपल्यातल्या तृतीयपंथी मुलीने दिला तर तिला चळवळ फोडणारी म्हणायचे का? लेखक-कार्यकर्त्या दिशा पिंकी शेख 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, 2024 च्या विधानसभेला शमिभा पाटील यांना रावेरमधून उमेदवारी मिळाली. आणि नीरा ओलांडली की पलीकडे माळशिरस तालुका. तिथल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथीयाला थेट मतदानाने सरपंच केले. गावे बदलतात. कुणीतरी उभे राहावे लागते आणि कुणीतरी मत द्यावे लागते.

मग आपण काय करायचे?

पहिले, विहार आणि अभ्यासिका. तिथे 'छक्का', 'बायल्या' हे शब्द चालणार नाहीत, हे स्पष्ट सांगा. आपल्या जातीचे नाव शिवी म्हणून वापरले की आपण गुन्हा दाखल करतो. मग ही शिवी विनोद कशी होते?

दुसरे, आईबापांसाठी. मुलाला देवऋषीकडे, भगताकडे नेऊ नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला ते साजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राग आला तरी बोला, रडा, भांडा, पण दार बंद करू नका आणि कागदपत्रांची पेटी तर मुळीच बंद करू नका.

तिसरे, खुद्द त्या तरुण-तरुणींसाठी. घरी कधी सांगायचे हा तुमचा निर्णय आहे, कुणालाही ते सांगण्याचे कर्ज तुमच्यावर नाही. पण त्याआधी जात पडताळणी करून घ्या, सगळ्या दाखल्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा, स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडा, पदवी पूर्ण करा. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते आधी, कारण शिकलेल्या माणसाला हाकलणे अवघड असते.

चौथे, संघटनांसाठी. समांतर आरक्षण, समाजकल्याणच्या वसतिगृहांत तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी जागा, घराने टाकलेल्या उमेदवाराला वडिलांच्या सहीशिवाय जात पडताळणी मिळण्याची सोय. या तीन मागण्या पुढच्या निवेदनात लिहा.

निमगाव केतकीत दर वर्षी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. एका रात्रीसाठी अख्खे गाव अनोळखी माणसांना दारात, ओसरीत, शाळेत जागा देते, कोण कुठला विचारत नाही. त्याच गावात जन्मलेल्या आपल्याच लेकराला मात्र जागा नाही, म्हणून ते पुण्याच्या गाडीत बसते आणि परत येत नाही. आपण गमावलेल्या अशा मुलांत किती फौजदार, किती शिक्षिका, किती वकील होते, याचा हिशेब कधी कुणी मांडला नाही. पुढची भरती निघेल तेव्हा तरी त्यातले एखादे मूल आपल्याच अभ्यासिकेत बसून अर्ज भरत असले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!